कॅराव्हॅनची भव्य प्रदर्शनं का डळमळली? आणि लोणारला त्यातून काय कळतं?

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. गाडीचं मागचं दार उघडतं, आत पलंग, छोटा ओटा, त्यावर उकळणारा चहा आणि बाहेर डोंगर. परदेशात दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून ओढायच्या घराला कॅराव्हॅन म्हणतात आणि स्वतःचं इंजिन असलेल्या घराला मोटरहोम. आपल्याकडे दोन्हींना सरसकट कॅराव्हॅनच म्हटलं जातं.

महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तर ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. हा रस्ता बुलढाणा जिल्ह्यातून जातो. सिंदखेडराजा वाटेवरच आहे आणि मेहकरला उतरलं की लोणार सरोवर जवळच. त्यामुळे इथे कॅराव्हॅन चालतील, असं म्हणणं सोपं झालं आहे. पण हा धंदा जिथे मुरला आहे, तिथेच त्याच्या मोठ्या प्रदर्शनांचं भवितव्य अधांतरी आहे.

अमेरिकेतलं मोठं प्रदर्शन का बंद पडलं?

केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात अनेक दशकं या गाड्यांचं राष्ट्रीय व्यापारी प्रदर्शन भरायचं. कारखानदार गाड्या मांडायचे, देशभरातले विक्रेते येऊन ऑर्डर नोंदवायचे. २०१७ नंतर ते बंद झालं. मंदी हे त्याचं कारण नव्हतं, तेव्हा गाड्या जोरात खपत होत्या.

कारण होतं इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. अमेरिकेतल्या बहुतांश मोटरहोम आणि कॅराव्हॅन याच भागात बनतात. तिथल्या कंपन्यांनी दर सप्टेंबरला विक्रेत्यांना थेट आपल्या आवारात बोलवायला सुरुवात केली. जी ऑर्डर सप्टेंबरमध्ये कारखान्याच्या दारात दिली, तीच पुन्हा हिवाळ्यात द्यायला लुईव्हिलला कोण जाणार? उद्योगाच्या संघटनेने मार्च २०१९ मध्ये सॉल्ट लेक सिटीला नव्या रूपात प्रदर्शन भरवलं. तेही एकदाच झालं.

कोरोनानंतर मागणी आधी उसळली आणि मग आपटली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, २०२३ मध्ये त्या सुमारे ३ लाख १३ हजारांवर आल्या. विक्री अशी निम्म्यावर आली की कंपनी आधी प्रदर्शनातल्या दालनाच्या खर्चालाच कात्री लावते. मोटारींच्या जगातही हेच घडलं. १९०५ पासूनचा जिनिव्हा मोटर शो २०२४ मध्ये कायमचा बंद करण्यात आला.

मग जर्मनीत गर्दी कशी?

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा कॅराव्हॅन सलॉन मात्र टिकून आहे. ऐन कोरोनात, २०२० मध्येही तिथे एक लाखाहून अधिक लोक आले. फरक गिऱ्हाइकाचा आहे. तिथे विक्रेत्यांबरोबर कुटुंबंही येतात. पोरं पलंगावर उड्या मारून बघतात, आजी-आजोबा पायरीची उंची बघतात. लाखोंची गाडी कोणी फोटो बघून घेत नाही. आणि घेतली, तर ती उभी करायला युरोपभर हजारो तळ आहेत, जिथे वीज, पाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायची सोय मिळते.

आपल्याकडे खरेदीदार कोण?

भारतात स्वतःसाठी मोटरहोम घेणारं कुटुंब विरळाच. गाडी घेतात ते भाड्याने देणारे व्यावसायिक, रिसॉर्टवाले आणि व्हॅनिटी व्हॅन लागणारे चित्रपटवाले. बऱ्याच गाड्या बस किंवा ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर ऑर्डरप्रमाणे बांधल्या जातात. एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी स्वतंत्र मोठं प्रदर्शन परवडत नाही, म्हणून या गाड्या वाहनांच्या किंवा बसच्या प्रदर्शनात एखाद्या कोपऱ्यात दिसतात. लुईव्हिलचा अनुभव पाहता हे वाईट नाही. गिऱ्हाईक तयार व्हायच्या आधी मंडप घालणं म्हणजे नवरा ठरायच्या आधी वरात काढणं.

केरळने २०२१ मध्ये धोरण आणलं आणि पुढच्याच वर्षी वागमोनला कॅराव्हॅन पार्क सुरू केलं. आधी थांबायची जागा, मग बाकीचं, हा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो.

लोणारची अडचण कुठे?

सरोवराचा परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून ते रामसर यादीतलं पाणथळ स्थळही आहे. खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातली तिथली जीवसृष्टी नाजूक आहे. सरोवराच्या जतनाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आहे आणि गावाचं सांडपाणी हा त्यातला जुना मुद्दा. अशा ठिकाणी वीस मोटरहोम उभ्या राहिल्या, तर सकाळी त्यांच्या वीस टाक्या कुठे रिकाम्या होणार, हे आधी ठरायला हवं. त्यामुळे तळ विवराच्या काठापेक्षा मेहकरच्या बाजूला, मैलापाण्यावर प्रक्रियेची सोय करून उभारणं जास्त योग्य ठरेल.

दुसरा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो आणि गाडी म्हणजे पत्र्याची भट्टी होते. रात्रभर एसी चालवायचा तर प्रत्येक गाडीला तळावर विजेची जोडणी लागते, इंजिन किंवा जनरेटर सुरू ठेवून भागत नाही. म्हणजे खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फार तर पाच महिने. कोणी जमीन मोकळी ठेवायला सांगत असेल, तर हिशेब बारा महिन्यांचा मांडला आहे की पाच, हे जमीनमालकाने आधी विचारावं.

चाकांवरचा मुक्काम या जिल्ह्याला नवा नाही. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला लोक टेम्पो-ट्रकमधून गॅस, भांडी, अंथरूण घेऊन येतात आणि दिवसेंदिवस राहतात. त्यांनाही पाणी, दिवे आणि शौचालयच लागतं. तळ दोघांच्या उपयोगाचा झाला, तर पाच महिन्यांच्या हिशेबात होळीचे दिवसही धरता येतील.