कुलीन गुलामाची कथा : ग्रीक ऐतिहासिक कादंबरीविषयी एक विचार

प्राचीन ग्रीक जगावर आधुनिक काळात लिहिल्या गेलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा सामान्यतः दोन प्रश्नांभोवती फिरते. लेखकाने साधनांशी प्रामाणिकपणा राखला आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि साधने जेथे थांबतात तेथे त्याच्या कल्पनेने कोणती भर घातली, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. परंतु त्यांच्याइतकाच महत्त्वाचा असा एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो क्वचितच विचारला जातो : या कादंबरीने कोणाचे दुःख सांगण्यायोग्य मानले? गुलामगिरीच्या संदर्भात हा प्रश्न विचारला असता या वाङ्मयप्रकाराची एक मर्यादा स्पष्ट होते, असे मला वाटते.

या वाङ्मयप्रकारात मेरी रेनॉल्ट या लेखिकेचे स्थान निर्विवादपणे वरचे आहे. १९०५ साली लंडनमध्ये जन्मलेली ही लेखिका १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाली आणि १९५६ मध्ये तिची ‘द लास्ट ऑफ द वाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात वाढलेला अलेक्सियस हा अथेनियन तरुण तिचा निवेदक आहे. सिसिलीवरील स्वारी, अथेन्सचा पराभव, तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट आणि लोकशाहीची पुनःस्थापना हा सारा इतिहास आपण त्याच्या दृष्टीने पाहतो. निवेदक नागरिक असल्यामुळे घरातील गुलाम त्याला घरातील भांड्याकुंड्यांइतकेच स्वाभाविक वाटतात. लेखिकेने आजची नैतिक दृष्टी त्याच्यावर लादलेली नाही. हा या कादंबरीचा गुणच होय.

असे असूनही या कादंबरीत एक गुलाम ठसठशीतपणे उभा राहतो. तो म्हणजे फीडो. प्लेटोच्या एका संवादाला ज्याचे नाव मिळाले, तोच हा सॉक्रेटिसचा शिष्य. डायोजिनीस लेअर्शियसच्या चरित्रग्रंथानुसार तो एलिस येथील कुलीन घराण्यातील होता. नगर पडल्यावर युद्धकैदी झाला, वेश्यागृहात ठेवला गेला आणि पुढे सॉक्रेटिसच्या प्रयत्नाने मुक्त झाला. रेनॉल्टने त्याला एलिसऐवजी मेलॉसचा केले. इ. स. पू. ४१६ मध्ये अथेन्सने मेलॉस हे बेट वेढले. ते शरण आल्यावर प्रौढ पुरुषांना ठार मारण्यात आले, बायका-मुलांना गुलाम करण्यात आले, असे थ्युसिडिडीझ अगदी मोजक्या शब्दांत नोंदवतो. त्या मोजक्या शब्दांतील अनाम मुलांपैकी एकाला रेनॉल्टने चेहरा दिला. दोन स्वतंत्र साधने अशी जोडणे हे ऐतिहासिक कादंबरीकाराच्या प्रतिभेचे उत्तम उदाहरण आहे.

मात्र येथेच थांबून पाहिले पाहिजे. फीडोची कथा आपल्याला हेलावते, याचे एक कारण तो मुळात ‘तसा’ नव्हता हे आहे. तो कुलीन, सुशिक्षित आणि बुद्धिमान आहे. गुलामगिरी हा त्याच्यावर ओढवलेला अपघात आहे. रेनॉल्टच्याच ‘द पर्शियन बॉय’ (१९७२) या कादंबरीत निवेदनाचा अधिकार प्रत्यक्ष एका गुलामाकडे जातो. बगोआस हा खच्ची करून विकला गेलेला मुलगा आधी दारयसच्या आणि नंतर अलेक्झांडरच्या सेवेत येतो. परंतु तोही एका पर्शियन सरदाराचा पुत्र आहे. पॅट बार्करच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ (२०१८) मध्ये ‘इलियड’मधील ब्रिसेइस बोलते. होमरच्या महाकाव्यात तिच्या वाट्याला पॅट्रोक्लसच्या मृत्यूवरील एकच विलाप आला होता. येथे कादंबरीचा मोठा भाग तिचा आहे. बार्करची दृष्टी रेनॉल्टपेक्षा कितीतरी अधिक कठोर आहे. तरीही ब्रिसेइस दासी होण्यापूर्वी राणी होती. एक इतिहासातील, एक दरबारी चरित्रांच्या कडेचा, एक महाकाव्यातील, असे हे तीन गुलाम. तिघांतील समान सूत्र एकच : तिघेही वरून खाली आलेले आहेत.

हा योगायोग नव्हे. श्रेष्ठ स्थानावरून झालेले पतन हा शोकात्मिकेचा गाभा आहे, हे ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राने आपल्याला शिकवले. मोठा लौकिक व वैभव असलेल्या व्यक्तीचाच विपर्यास त्याला शोकात्म वाटतो. ग्रीक जगावरील आधुनिक कादंबरीने ग्रीकांचा इतिहास घेतला, तसाच त्यांचा हा वाङ्मयीन साचाही घेतला. याच ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्र’च्या पहिल्या भागात निसर्गतःच गुलाम असणाऱ्या माणसाची कल्पना मांडली. तेथे तो एक मार्मिक निरीक्षण नोंदवतो : युद्धात पकडल्या गेलेल्या कुलीनांना गुलाम म्हणण्यास लोक तयार नसतात, ते हा शब्द परकीयांपुरताच राखून ठेवतात. आपण हळहळतो ती अशाच कुलीन बंदिवानांसाठी. ‘हा माणूस गुलाम होण्याच्या योग्यतेचा नव्हता’ या वाक्यात ‘दुसरा कोणी तरी त्या योग्यतेचा असतो’ हे गृहीत धरलेले आहे. कादंबरी ते बोलून दाखवत नाही. पण तिची रचना ते खोडूनही काढत नाही.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. जन्माने गुलाम असलेल्यांविषयी साधनेच मूक असतील, तर कादंबरीकाराने काय करावे? आक्षेप वजनदार आहे, पण पूर्णतः खरा नाही. इ. स. पू. ४१५ मध्ये अथेन्समध्ये हर्मीझच्या मूर्तींची विटंबना झाली आणि एल्युसिसच्या गूढविधींच्या उपहासाचे प्रकरण उघडकीस आले. दोषींची मालमत्ता जप्त करून विकण्यात आली आणि तिच्या याद्या शिळांवर कोरल्या गेल्या. पायरियस बंदरात राहणाऱ्या केफिसोडोरस या परदेशी रहिवाशाचे सोळा गुलाम त्यांत आहेत. एक थ्रेसची स्त्री, १६५ ड्राख्मा. एक सिरियाचा पुरुष, २४० ड्राख्मा. एक कारियाचे लहान मूल, ७२ ड्राख्मा. नावे नाहीत, देश आणि किंमत एवढेच. त्याच शतकाच्या अखेरीस उभारल्या गेलेल्या एरेक्थिऑन मंदिराच्या हिशेबात मात्र गुलाम कारागिरांची नावे त्यांच्या मालकांच्या नावांसह आढळतात आणि त्यांची दिवसाची मजुरी नागरिकांइतकीच, म्हणजे एक ड्राख्मा आहे. इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाने डेकेलिया येथे तळ ठोकल्यावर वीस हजारांहून अधिक गुलाम अथेन्समधून पळून गेले आणि त्यांतील बरेचसे कारागीर होते, हे स्वतः थ्युसिडिडीझ सांगतो. ज्या प्रतिभेने मेलॉसविषयीच्या एका वाक्यातून फीडो घडवला, तिला बहात्तर ड्राख्मांचे ते मूल दिसणे अशक्य नव्हते.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूचा आहे. ज्याच्या जीवनात ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ असा भेदच नाही, त्याच्या जीवनाला कथानक कोठून येणार? मला वाटते, अडचण आहे ती हीच. आणि ती साधनांची नसून रूपाची आहे. पतनाचा आलेख सोडून केवळ सातत्याचे, श्रमाचे, पळून जाण्याच्या एका रात्रीचे कथानक रचावे लागेल. ते अवघड आहे, म्हणून अनावश्यक ठरत नाही.

मराठी वाचकाला हा साचा परका नाही. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) मधील कर्ण सूतपुत्र म्हणून अवहेलना सोसतो. पण त्या अवहेलनेची धार तो मूळचा कौंतेय असल्याच्या ज्ञानातून येते. खरा सूतपुत्र शोण. तोही या कादंबरीत बोलतो, परंतु प्रामुख्याने कर्णाविषयी. गुलाम आणि सूत यांची सामाजिक स्थिती एक नव्हे, आणि पुराणाधारित कादंबरी म्हणजे ऐतिहासिक कादंबरीही नव्हे. तथापि, अन्यायाची जाणीव जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाच्या आधाराने करून देण्याची रीत दोहोंकडे एकच आहे.

यावरून रेनॉल्ट वा बार्कर यांचे लेखन उणे ठरवण्याचा हेतू नाही. फीडोसारखे पात्र निर्माण करणे फार थोड्यांना साधले आहे. परंतु ऐतिहासिक कादंबरीवर प्रबंध लिहिणाऱ्या अभ्यासकाने साधननिष्ठा व कल्पनास्वातंत्र्य यांची तपासणी झाल्यावर आणखी एक तपासणी करावी, एवढीच सूचना आहे. कादंबरीने ज्या दलित-पीडित व्यक्तीला आवाज दिला, तिचे कुलीनत्व क्षणभर बाजूला ठेवून पाहावे. त्यानंतरही लेखकाला तिच्याविषयी काही सांगायचे उरते काय? उरत असेल, तर त्या कादंबरीने इतिहासातील अन्याय पाहिला. उरत नसेल, तर तिने केवळ अन्यायाची चुकीच्या माणसावर झालेली अंमलबजावणी पाहिली.