मागणी आणि पुरवठा : जुन्या डिझेल गाडीची मध्येच हरपणारी ताकद

पूर्णपणे बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे एका अर्थी सोपे असते. तिचा दोष हलत नाही. कारागिराने शोधेपर्यंत तो जागीच थांबतो. अधूनमधून ताकद हरवणारी गाडी मात्र कारागिराची परीक्षा पाहते आणि मालकाची थैली हलकी करते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी एकाएकी मंदावते, पेडल तळाशी टेकले तरी वेग वाढत नाही, मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात तीच गाडी नव्यासारखी पळते. फिटर एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, "शेठ, गाडीत काहीच नाही." पंधरवड्यानंतर पुन्हा तोच प्रकार घडला की अंदाजाचा खेळ सुरू होतो. आज डिझेल फिल्टर बदलला, उद्या नोझल उतरवून पाठवले, परवा पंप. प्रत्येक खर्चानंतर चार दिवस बरे जातात, आणि ते चार दिवसच मालकाची फसगत करतात; कारण हा दोष काही न करताही चार दिवस गप्प बसणारा असतो.

व्यापारी घरांतून दहा-पंधरा वर्षे वापरलेली डिझेल गाडी आजही सर्रास दिसते. त्यांतील फार मोठ्या संख्येच्या बॉनेटखाली एकच इंजिन आहे : फियाटच्या आराखड्याचे १२४८ सीसीचे. स्विफ्ट आणि डिझायरमध्ये ते डीडीआयएस म्हणून आले, इंडिका व्हिस्टा व मांझामध्ये क्वाड्राजेट म्हणून, तर पुंटो व लिनियामध्ये मल्टीजेट म्हणून. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल गाड्या बनवणे थांबवले, त्यामुळे या इंजिनाच्या स्विफ्ट-डिझायर आता केवळ जुन्याच होत जाणार. पुढील विवेचनात हेच इंजिन नजरेसमोर ठेवले आहे. त्या काळातील इतर कॉमन रेल डिझेल गाड्यांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते पेटते. म्हणजे ताकदीला दोनच गोष्टी हव्यात, पुरेशी हवा आणि पुरेसे डिझेल. कॉमन रेल पद्धतीत या दोहोंचा हिशेब एक संगणक ठेवतो. पेडल दाबताच तो ठरवतो की रेलमध्ये, म्हणजे नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, इतका दाब हवा आणि टर्बोने हवेचा इतका दाब द्यावा. मग सेन्सरकडून तो प्रत्यक्षात किती मिळाला हे वाचतो. मागणी आणि पुरवठा यांत फरक पडला व तो काही क्षण टिकला, तर इंजिनाला इजा होऊ नये म्हणून संगणक स्वतःच ताकद कमी करतो. गॅरेजच्या भाषेत गाडी 'लिम्प मोड'मध्ये जाते. किल्ली बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गाडी पूर्ववत पळू लागली, तर जवळजवळ निश्चित समजावे की ताकद संगणकाने रोखली होती. ही एक खूण फिटरला सांगितली तरी अर्धा दिवस वाचतो.

म्हणून या दोषाचा तपास गाडी उभी असताना होत नाही. उभ्या गाडीची मागणीच अल्प असते. रेलमधील दाब त्या वेळी साधारण २५० ते ३०० बार असतो, पूर्ण भारावर तो १५०० बारच्या आसपास जातो. दुकानात गिऱ्हाईक नसताना मालाचा तुटवडा कसा कळणार? स्कॅनर जोडून, दोन माणसांनी, तिसऱ्या गिअरमध्ये एखाद्या लांब चढावर गाडी न्यावी. एकाने केवळ गाडी चालवावी, दुसऱ्याने आकडे पाहावेत. मागितलेला व मिळालेला रेल दाब, तसेच मागितलेला व मिळालेला टर्बो दाब, एवढे चार आकडे पुरेत. रेल दाब मागे पडला तर दोष डिझेलच्या वाटेवर आहे. टर्बोचा दाब मागे पडला तर हवेच्या वाटेवर. दोन्ही जुळतात, पण मागणीच अचानक खाली येते, तर पेडलच्या सेन्सरकडे किंवा त्याच्या तारेकडे पाहावे. आणि सगळे जुळूनही गाडी ओढत नसेल, तर इंजिनाला दोष देण्यापूर्वी क्लच व ब्रेक तपासावेत. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, ही क्लच प्लेट घसरत असल्याची खूण. काही मैलांनंतर एकच चाक इतरांहून फार तापलेले आढळले, तर तिथला ब्रेक चिकटलेला आहे. या दोन साध्या दोषांपायी चांगले टर्बो उतरवले गेल्याची उदाहरणे गॅरेजांत थोडी नाहीत.

स्कॅनरच्याही आधी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे धूर. ताकद जाताना मागे काळा धूर निघत असेल तर डिझेल येत आहे, हवा अपुरी पडत आहे. धूर मुळीच नसेल तर बहुधा डिझेलच कमी पडत आहे, किंवा संगणकाने हात आखडता घेतला आहे. चालकाला आरशात हे दिसतेच असे नाही. मागून येणाऱ्या घरच्या माणसाला लक्ष ठेवायला सांगावे.

डिझेलच्या वाटेवरचे दोष सर्वांत फसवे असतात. टाकीच्या तळाशी गाळ साचतो. गाडी आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच बाहेर निघत असेल आणि टाकी नेहमी अर्धी-पाव राहत असेल, तर आतल्या दमट हवेतून पाण्याचे थेंब धरतात. पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जीव वाढतात व त्यांचा चिकट थर तयार होतो. चढावर इंजिन जोराने डिझेल ओढते तेव्हा हा गाळ टाकीतील जाळीवर येऊन बसतो. ताकद जाते. चालक गाडी बाजूला घेतो, इंजिन बंद करतो. ओढ थांबताच गाळ पुन्हा तळाशी जातो आणि दहा मिनिटांनी गाडी ठणठणीत. अशा गाडीला नवा फिल्टर घालून काही साधत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. टाकीच्या हवेची वाट तुंबली असेल तरीही हुबेहूब हेच घडते. ताकद गेल्या क्षणी झाकण उघडून पाहावे. आत हवा ओढली गेल्याचा मोठा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर फुकटात निदान झाले.

दुसरा लपंडाव हवा शिरण्याचा. 'गाडी एअर घेते' असे फिटर म्हणतात ते हेच. ज्या गाड्यांत पुढचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, त्यांत टाकी ते पंप ही वाट ओढीखाली असते. तिथे रबरी नळीला बारीक चीर पडली किंवा क्लॅम्प सैल झाला, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. त्यामुळे खाली डाग पडत नाही आणि शोधणारा चकतो. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी गाडी उशिरा सुरू होणे, आणि टाकी पावपेक्षा खाली गेली की त्रास वाढणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर संशय पक्का धरावा. परीक्षा स्वस्त आहे. फिल्टर व पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवावी आणि बुडबुडे येतात का पाहावे. फिल्टर नुकताच बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर नव्या फिल्टरचे रबरी वॉशर आधी तपासावे. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाकणे, हे काम विसरण्याची प्रथाच पडली आहे.

नळी, जाळी, फिल्टर निर्दोष ठरले तरच नोझलांकडे वळावे. तिथेही सरसकट चारही बदलण्याची गरज नसते. प्रत्येक नोझलमधून टाकीकडे परत जाणारे डिझेल चार सारख्या बाटल्यांत काही वेळ धरले, की जी बाटली इतरांहून फार लवकर भरते तिचे नोझल दाब गळवते आहे हे उघड होते. पंपावरील दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह चिकटत असेल तरी आकडे असेच मागे पडतात. पंप मात्र यादीत शेवटी. व्यवहारात तो बऱ्याचदा पहिला असतो, याचे कारण तांत्रिक नाही.

इथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनावर शिकलेले काही फिटर इंजिन चालू ठेवून नोझलाच्या पाइपचा नट सैल करतात व कोणता सिलिंडर 'मिसिंग' आहे ते ओळखतात. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. गाडीच्या टायरमधील दाब सव्वादोन बारच्या घरात असतो, येथील दाब त्याच्या शेकडो पट. इतक्या दाबाने निघालेली बारीक धार कातडी भेदून मांसात शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती बोटाने चाचपून पाहणे म्हणूनच कटाक्षाने टाळावे.

हवेच्या वाटेवर पहिला संशयित टर्बो नसून टर्बोनंतरची रबरी होज असते. उन्हाने व तेलाने ती फुगते, तिला दुमडीच्या आत चीर पडते. इंजिन संथ असताना चीर मिटलेली राहते, दाब आला की उघडते. पेडल दाबताना फुसफुस किंवा शिट्टीसारखा नवा आवाज, सांध्याभोवती तेलाचा ओला पट्टा आणि काळा धूर, एवढे पुरेसे आहे. त्यानंतर पाळी ईजीआर व्हॉल्व्हची. जळालेल्या वायूचा काही भाग इंजिनात परत सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळीने मधेच उघडा अडकला, तर ताज्या हवेची जागा धूर घेतो. तो उतरवून साफ करता येतो. पत्रा लावून कायमचा बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने विषारी नायट्रोजन ऑक्साइड वायू वाढतात आणि तपास अर्धवट राहतो तो वेगळाच. ज्या गाड्यांत टर्बोचे नियंत्रण निर्वाताच्या बारीक नळ्यांनी होते, तिथे पेन्सिलीहूनही बारीक एक नळी तडकली की पूर्ण टर्बो निकामी भासतो.

विजेचे दोष उष्णतेशी नाते सांगतात. गाडी थंड असताना उत्तम आणि पाऊण तासाने बिघडते, तर एखादा सेन्सर किंवा कनेक्टर संशयास्पद आहे. इंजिन एकदम बंद पडते आणि गाडी गिअरमध्ये धावत असतानाच फेऱ्यांचा काटा झटक्यात शून्यावर येतो, तर क्रँकच्या सेन्सरचा संदेश तुटला असे समजावे. गॅरेजला जाण्यापूर्वी बॅटरीची तार काढू नये. पुष्कळ गाड्यांत त्यासरशी साठवलेल्या दोषांच्या नोंदी पुसल्या जातात, आणि ताकद गेली त्या क्षणीचे तापमान, भार व फेरे यांची संगणकाने करून ठेवलेली नोंदही जाते.

मालकाचे काम या सर्वांच्या आधीचे आहे. गाडीत एक वही ठेवावी. तारीख, टाकीतील डिझेल, डिझेल कोणत्या पंपावर भरले, किती माणसे व किती माल होता, चढ होता की सपाट, इंजिन किती वेळ चालले होते, धूर, आवाज, दिवा, आणि किल्ली बंद करून फरक पडला का, हे घडल्याबरोबर लिहावे. अर्थात गाडी सुरक्षित थांबवून. ज्या घरात रोजमेळ एक दिवस चुकत नाही तिथे गाडीबाबत मात्र 'मागे कधीतरी झाले होते' एवढीच साक्ष मिळते. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यांतून आकृती उमटते. प्रत्येक वेळी टाकी पाव होती, किंवा प्रत्येक वेळी पाऊण तास झाला होता. फिटरला ही वही दाखवावी आणि एका वेळी एकच भाग बदलण्यास सांगावे. दोन भाग एकत्र बदलले तर कोणत्याने गुण आला हे कधीच कळत नाही. काढलेला भाग परत मागून घ्यावा व तो का काढला ते बिलावर लिहून घ्यावे. चांगला कारागीर याने दुखावत नाही.

निदान होईपर्यंत या गाडीने दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करू नये, आणि घरातील नवशिक्या चालकाच्या हाती ती देऊ नये. समोरून वाहन येत असताना ताकद गेली तर मागे घेण्यास वेळ नसतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मुदत जवळ आली असेल तर नोझल-पंपाचा खर्च करण्यापूर्वी हा हिशेबही मांडावा. होज, नळी आणि जाळी यांचा खर्च मात्र कोणत्याही वयाच्या गाडीला परवडतो.

दुरुस्तीनंतर गावात दोन फेऱ्या मारून गाडी ताब्यात घेऊ नये. वहीतील नोंद काढावी आणि त्याच चढावर, तितक्याच भाराने, इंजिन तितकेच तापल्यावर, टाकी पाव असताना ती नेऊन पाहावी; शेजारी फिटर बसलेला असावा आणि स्कॅनर जोडलेला.