लवणं आणि वाकणं

आईचा उजवा खांदा आखडलाय. दोन महिने फिजिओथेरपी चालू आहे. परवा तिथली मुलगी म्हणाली, "आजी, फ्लेक्सिबिलिटी फारच कमी झालीये." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लवचीकपणा गं." तर म्हणते, "म्हणजे अंग लवत नाही, असंच ना? मग तसं सांगा की!"

हे मावसभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "लवचिक वगैरे पुस्तकी शब्द. बोलताना कोण वापरतं?"

दादा, आजचं लिखाण तुझ्यासाठी!

पुस्तकी कसला? 'लवणं' या साध्या क्रियापदाचं हे लेकरू. फळांनी फांदी लवते, डोळ्याचं पातं लवतं, थोरांना आपण लवून नमस्कार करतो. हे लवणं म्हणजे संस्कृत 'नम्'चंच घरगुती रूप. नवनीताचं लोणी झालं, निंबाचा लिंब झाला, तसाच इथेही 'न'चा 'ल' झाला. म्हणजे 'लवून नमस्कार' म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो. आहे की नाही गंमत?

आणि हो, 'लवचिक' नव्हे, 'लवचीक'. सामाजिक, धार्मिक हे संस्कृत शब्द, म्हणून तिथे ह्रस्व. हा अस्सल मराठी, म्हणून 'ची' दीर्घ. आपण त्याला त्या रांगेत बसवतो आणि मग त्याच्या पोटातलं लवणं दिसेनासं होतं. माझं खरं भांडण इथे आहे.

ऑफिसात "जरा लवचीक राहा" म्हणतात, तेव्हा अर्थ असतो, रविवारीही या. घरात सुनेला म्हणतात, तेव्हा अर्थ असतो, तूच ऐक. अहो, याला लवणं नाही, वाकणं म्हणतात! वाकलेला खिळा वाकलेलाच राहतो. लवलेलं पातं क्षणात वर येतं, फळं उतरली की फांदी वर जाते. खाली जाणं आणि परत येणं, दोन्ही मिळून लवणं. परत येऊ द्यायचं नसेल, तर निदान शब्द तरी बरोबर वापरा.

असो. आई रोज भिंतीवर बोटं चढवत हात वर नेते, हळूहळू खाली आणते. काल हात पहिल्यांदाच फडताळाच्या वरच्या कप्प्यापर्यंत पोचला.

आणि लाडवाचा डबा घेऊन परत खाली आला!