गुणांस वय कशाला?

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत भाऊबीजेपासून गांवोगांव मंडई भरते आणि रात्र रात्र नाटकें चालतात. गेल्या वर्षीं अशाच एका नाटकांत एक प्रौढ नटी आईच्या भूमिकेंत येतांच शेजारचे सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "हिचे दिवस आतां सरले." तिचें काम त्यांनीं अद्याप पाहिलेंहि नव्हतें.

तेव्हां आम्हांस 'चंदेरी दुनियेत' हें आत्मचरित्र लिहिणाऱ्या लीला चिटणीस आठवल्या. १९०९ सालीं धारवाडास जन्मलेल्या या बाईंचें नांव 'कंगन' (१९३९) व 'बंधन' (१९४०) या बोलपटांनीं घरोघर नेलें. पुढें १९४८ सालीं 'शहीद' बोलपटांत त्या दिलीपकुमारांच्या आई झाल्या. वयाची चाळिशीहि तेव्हां उलटली नव्हती! त्यांचे पूर्वीचे नायक अशोककुमार त्यांच्याहून दोन वर्षांनीं लहान. ते मात्र १९४९ च्या 'महल'मध्यें नायकच राहिले. वय दोघांचें वाढलें. हिशेब एकीचाच झाला.

लीलाबाई अखेरीस अमेरिकेंत राहिल्या व २००३ सालीं तेथेंच निवर्तल्या. त्या देशाचें जाझ संगीत नातवंडांमुळें आमच्या कानीं पडतें आणि, खरें सांगावयाचें तर, आवडूंहि लागलें आहे. ठरलेल्या सुरावटीवर ऐन वेळीं नवी उपज करणें हा त्याचा प्राण. ख्याल ऐकणाऱ्यांस तें अगदींच परकें वाटूं नये. आल्बर्टा हंटर या गायिकेनें तरुणपणीं कीर्ति मिळविली, पुढें सुमारें वीस वर्षें परिचारिकेचें काम केलें, आणि १९७७ सालीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, ती न्यूयॉर्क शहरांत पुनश्च गावयास उभी राहिली. लोकांनीं तिचें गाणें ऐकलें. जन्मसाल विचारीत बसले नाहींत.

भवभूतीनें 'उत्तररामचरितां'त गुणांची पूजा सांगतांना लिंग व वय हीं दोन्हीं बाजूस सारिलीं आहेत. तें वचन आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें. तरीहि त्या रात्रीं शेजाऱ्यांच्या शेऱ्यावर आम्ही हंसलों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आपल्या घरांतहि एखाद्या आत्याबाई, एखाद्या सासूबाई एके काळीं पेटीवर सुरेल गात असत. आतां त्यांच्या हातीं आपण केवळ जपमाळ दिली आहे. वाचकहो, आज दिवेलागणीनंतर त्यांस एकदां गावयाची विनंती करून पाहावी. आम्ही आमच्या घरीं केली. पेटीचा भाता मात्र फाटलेला निघाला, तो आधीं दुरुस्त करावा लागला.