मोरचूद, तेल्या आणि निळा मासा

मंडळी, आज सुरुवात कबुलीने. माझ्या भाच्याच्या टाकीतले दोन मासे माझ्यामुळे मेले.

तर झालं असं. ताई-दाजी बारामतीत राहतात. भाच्याने वर्षभर हट्ट करून घरात खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी बसवली. समुद्र राहिला सह्याद्रीपलीकडे, त्यामुळे तो घरीच बनवायचा. आरओचं पाणी आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने मत्स्यालयाचं खास मीठ, म्हणजे एका भरणीला सात किलो! पोरगं रोज पाण्याची घनता मोजायचं, १.०२५. दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल, दोन कोळंब्या. आठ महिने सगळं झकास.

मग मामा (म्हणजे अस्मादिक) पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात ब्लू टँग घेऊन हजर. सिनेमातली डोरी हो! हा मासा दोनशे लिटरमध्ये मुळात मावणाराच नाही, ही पहिली चूक. भाचा म्हणाला, "मामा, आधी वेगळा ठेवायचा ना?" मी म्हटलं, "अरे, दुकानात मस्त खात होता. सोड." ही दुसरी.

सहाव्या दिवशी अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके. दहाव्या दिवशी टँग गेला, बाराव्या दिवशी एक क्लाउनफिश.

या रोगाच्या जंतूचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. ठिपके म्हणजे माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरलेले परजीवी. तीन ते सात दिवस ते तिथे पोसतात, मग गळून तळाशी कवच करून बसतात. काही दिवसांनी, कधी कधी दोन महिन्यांहूनही उशिरा, एकेका कवचातून शेकड्याने पिल्लं बाहेर पडतात आणि पुन्हा मासा शोधतात. म्हणजे ठिपके नाहीसे झाले की रोग गेला असं नाही, तो फक्त तळाशी उतरला. 'चमत्कारी थेंबां'च्या बाटल्या खपतात त्या याच गैरसमजावर. थेंब टाकले, ठिपके गेले, औषध गुणकारी! पुढच्या खेपेला दुप्पट ठिपके.

खरं औषध तांबं. पण ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीतल्या किंवा कवचातल्यांना नाही, म्हणून किमान दोन आठवडे मात्रा टिकवावी लागते. साध्या तांब्याची मात्रा लिटरला मिलिग्रॅमच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी (चिलेटेड औषधांची वेगळी असते). कमी पडलं तर जंतू जगतो, जास्त झालं तर मासा मरतो, म्हणून टेस्ट किटने रोज मोजायचं. आणि तांब्याने कोळंब्या मरतात, म्हणून मुख्य टाकीत ते टाकायचंच नाही. त्यात ठिपके म्हणजे हाच रोग असंही नाही. बारीक पिवळसर धूळ दिसली तर तो वेल्वेट, दोन-चार दिवसांत खेळ खलास. क्लाउनफिशवर चिकट पांढरा थर आला तर ब्रुकलिनेला, त्यावर तांबं चालतच नाही.

त्या रविवारी दाजींबरोबर इंदापूर तालुक्यातल्या त्यांच्या डाळिंबाच्या बागेत गेलो होतो. तांब्याचं ऐकून ते हसले. "म्हणजे आमचा मोरचूदच की!" बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो, तेच ते तांबं. (म्हणून शेतातला मोरचूद टाकीत ओतू नका, कृपा करा.) मग म्हणाले, "पाव्हणं, तेल्या एकदा बागेत शिरला की औषधानं मुळापासून जात नाही. रोपं निरोगी आणायची, छाटणीची कात्री धुऊन घ्यायची. नवी गाय आणली तरी आम्ही लगेच गोठ्यात बांधत नाही. तुम्ही शिकलेली माणसं, मासा थेट टाकीत?"

काय बोलणार? ऑफिसात कुणी टेस्टिंग न करता कोड थेट लाइव्ह केला तर मीच आरडाओरडा करतो.

आता माझं मत, जरा कडक वाटेल. दुसरी छोटी टाकी ठेवायची तयारी नसेल तर समुद्री मासे पाळूच नका. चाळीस लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि वेगळी जाळी. जाळी एकच ठेवली तर ती न धुतलेली कात्रीच. नवा मासा तिथे चार ते सहा आठवडे. 'हे जंतू सगळीकडेच असतात, धडधाकट मासा झेलतो' असं म्हणणारे भेटतील. काही मासे झेलतात, खरं आहे. पण ती पैज आपण दुसऱ्याच्या जिवावर लावतो. उजनीतली चिलापी काहीही सोसते, भिगवणच्या बाजारात कुणालाही विचारा. प्रवाळातला मासा तसा नाही. शिवाय समुद्री शोभेचे बहुतेक मासे आजही समुद्रातूनच पकडलेले असतात. क्लाउनफिशची पैदास करता येते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती केली आहे. घ्यायचाच तर पैदाशीचा घ्या.

उरलेला क्लाउनफिश आणि डॅमसेल वेगळ्या टाकीत तांब्यावर वाचले. मोठी टाकी ७६ दिवस माशांविना ठेवली, म्हणजे मासा न मिळून जंतू उपाशी मरावा. अडीच महिने भाचा शाळेतून येऊन दोन कोळंब्या बघत बसायचा. एकदाही मला बोलला नाही, तेच जास्त लागलं.

२०२० मध्ये आपण सगळेच वेगळं राहायला शिकलो. माशाला तेवढे दिवस द्यायला काय हरकत आहे? बघा पटतंय का.