रात्रीचे पाहुणे आणि बारमाही भाडेकरू

पणजीच्या फोंतेन्हास वस्तीतील कित्येक जुन्या घरांची अतिथिगृहे झाली. जुन्या शहरांतील अशा डागडुजी केलेल्या घरात दोन रात्री काढणे ही आता सुस्थित वर्गाची प्रतिष्ठित हौस होऊन बसली आहे. चुन्याचा गिलावा, सागवानी तुळया, शिंपल्यांची तावदाने यांना तेथे कुशल कारागिरांचे हात लागतात. हे काम चांगलेच आहे. जुने घर पाडून काचेची पेटी उभी करणाऱ्यांपेक्षा ही माणसे शतपटींनी बरी. वाद त्यांच्या सौंदर्यदृष्टीशी नसून हिशेबाशी आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत 'वारसा हॉटेल' ठरण्यासाठी वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. म्हणजे जीर्णता हेच भांडवल! पाहुणा एका रात्रीचे हजारो रुपये मोजतो, म्हणून शंभर वर्षांची तुळई शाबूत राहते.

भिवंडीत इमारत कोसळायला शंभर वर्षे लागत नाहीत. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारतीचा भाग ढासळला. सुमारे ४० माणसे झोपेतच गाडली गेली, आणि त्या इमारतीने पन्नाशीही गाठली नव्हती. २०२३ च्या एप्रिलमध्ये वळपाड्याला जी इमारत पडली तिच्यात खाली गोदाम होते आणि वर बिऱ्हाडे होती. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला यंत्रमाग कामगार बारा तासांची पाळी करतो, बिसीत जेवतो आणि दाटीवाटीच्या खोलीत अंग टाकतो. तो उठून मागावर गेला की त्याच जागी दुसरा येऊन निजतो. त्या खोलीचे भाडे दरमहा थकत नाही, परंतु भिंतीच्या दुरुस्तीला त्यातला एक रुपया लागेल याची शाश्वती नाही. ज्याच्या झोपेतून नफा निघत नाही त्याच्या डोक्यावरील छपराची काळजी बाजार का करील?

बाजार करणार नसेल तर शासनाने करावी, ही मागणी नवी नाही. मुंबईत लोकांच्या रेट्यामुळे १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. त्या मंडळाच्या कारभाराचे गोडवे कोणी भाडेकरू गाणार नाही, हे खरे. तरीही दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे हे तत्त्व तेथे मान्य झाले. ते मुंबई शहराची वेस ओलांडून भिवंडीपर्यंत मात्र आले नाही. येथे पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना नोटिसा लागतात. घर रिकामे करा, एवढेच त्या सांगतात. जायचे कोठे याविषयी त्या मूक असतात. भाडेकरू हलत नाही तो आडमुठेपणाने नव्हे, एकदा बाहेर पडले की हक्क गेला हे तो जाणतो म्हणून.

उपकर आणि दुरुस्तीचा तो कायदा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागांच्या शहरांना लागू झाला पाहिजे. त्यासाठी पैसा नाही ही सबब भिवंडीत तरी कोणी सांगू नये. महामार्गालगत मैलोन्‌मैल पसरलेली गोदामे आहेत. पहिला उपकर त्यांच्यावर बसवावा.