नारायण धारपांची भयकथा : निवडीचा प्रश्न

नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत. या संख्येपुढे मराठीच्या अभ्यासकाने ढोबळमानाने दोन भूमिका घेतलेल्या दिसतात. एक म्हणजे हे सारे लेखन रंजनपर आणि म्हणून वाङ्मयबाह्य मानून त्याकडे पाठ फिरवायची. दुसरी भूमिका अलीकडची : धारपांचा गौरवाने उल्लेख करायचा, मराठी भयकथेचे जनकत्व त्यांना बहाल करायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे. या दोन्ही भूमिकांची सोय अशी, की त्यांत पुस्तके वाचावी लागत नाहीत. वाचायची ठरवली तर मात्र पहिलाच प्रश्न अवघड आहे. शंभरांतून कोणती वाचायची?

एके काळी हा प्रश्न वाचकाला पडतच नसे. सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या फळीवर त्या दिवशी जे पुस्तक असेल ते घरी जाई. पुठ्ठ्याची बांधणी, आरपार मारलेले टाके, मळलेले कोपरे, आणि दैव चांगले असेल तर शेवटचे पान शाबूत. निवड लायब्ररीवाला करी, किंवा आपल्याआधीचा वाचक पुस्तक परत कधी करतो यावर ती ठरे. आज त्या लायब्रऱ्या बहुतांशी बंद झाल्या आहेत. साकेत प्रकाशनाने धारपांची अनेक पुस्तके नव्या रूपात उपलब्ध करून दिली, हे मोठेच काम झाले. परंतु पुनर्मुद्रण हीसुद्धा एक निवडच असते, आणि ती बाजाराच्या अंदाजाने झालेली असते. अभ्यासकाने तिलाच आपली निवड मानणे बरे नव्हे.

समीक्षक या प्रांतात उतरलाच तर तो सहसा एक जुनी फूटपट्टी बरोबर आणतो : कृती स्वतंत्र की रूपांतरित? धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर (१९७५) बेतलेली आहे आणि 'शपथ'चा सांगाडा त्याच लेखकाच्या 'इट'चा (१९८६) आहे, हे जाणत्या वाचकांनी केव्हाच ओळखले आहे. हे एकदा कळले की या कादंबऱ्या यादीतून बाद होतात आणि 'स्वतंत्र' धारपांचा शोध सुरू होतो. ही फूटपट्टी आपण इतरत्र लावत नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) हॅम्लेटचे आणि देवलांचे 'झुंजारराव' (१८९०) ऑथेल्लोचे रूपांतर आहे, म्हणून कोणी ते अभ्यासक्रमातून काढले नाही. उलट रूपांतरकाराने काय बदलले, यावर प्रबंध झाले. नाटकाला दिलेला न्याय स्वस्त कादंबरीला का नको? मूळ कृतीचे ऋण जेथे सांगितलेले नसेल तेथे ते अभ्यासकाने स्पष्टपणे नोंदवावे. ती प्रामाणिकपणाची बाब आहे. वाचनाच्या निवडीचा तो निकष होऊ शकत नाही.

शिवाय या फूटपट्टीने मोजू लागलो तर 'स्वतंत्र' धारपही हाती उरत नाहीत. त्यांची सर्वांत लोकप्रिय निर्मिती म्हणजे समर्थ : अतींद्रिय शक्तींचा जाणकार, ज्याच्याकडे पछाडलेले लोक अखेरचा उपाय म्हणून येतात. या व्यक्तिरेखेचे पूर्वज इंग्रजी भयकथेत शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेले. अल्जर्नन ब्लॅकवुडचा डॉक्टर जॉन सायलेन्स १९०८ साली ग्रंथरूपाने आला, विल्यम होप हॉजसनचा कार्नाकी १९१३ साली. समर्थांना मराठी केले ते त्यांच्या नावाने. या नावामागे रामदास आहेत, अक्कलकोटचे स्वामी आहेत. 'समर्थांचिया सेवका' हे शीर्षक तर थेट 'मनाच्या श्लोकां'तून आलेले आहे. मराठी घरात वाढलेल्या वाचकाला ते वाचताच पुढचे शब्द आठवतात आणि पुस्तक उघडण्यापूर्वीच त्याचा निम्मा जीव भांड्यात पडतो.

माझ्या मते निवडीचा खरा निकष येथे सापडतो. धारपांच्या पुस्तकांची विभागणी स्वतंत्र आणि रूपांतरित अशी न करता, ज्यांत वाचवायला कोणीतरी येणार आहे ती एका बाजूला आणि ज्यांत कोणीही येणार नाही ती दुसऱ्या बाजूला, अशी करावी. समर्थ कथेत आले की संकटाचा निरास ठरलेला असतो. उत्सुकता उरते ती फक्त तो कसा होणार याची. भयानक रसाचा स्थायीभाव भय हा आहे, आणि ज्या कथेची घडणच आश्वासनावर उभी आहे तेथे तो स्थिर राहू शकत नाही. समर्थकथांना भयकथा म्हणण्यापेक्षा अभयकथा म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्यांचा वाचकवर्ग मोठा होता याचे कारणही तेच असावे. दिवसभराच्या कटकटींनंतर अभय कोणाला नको असते? त्यांची निर्भर्त्सना करण्याचे कारण नाही. पण धारपांना भयकथाकार म्हणून जोखायचे असेल तर समर्थांची दोन-तीन पुस्तके पुरेशी आहेत. उरलेली शांतपणे बाजूला ठेवावीत.

या विभागणीला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात भयकथेवर अंधश्रद्धेचा आक्षेप अटळपणे येतो, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. ज्या राज्यात जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली गेली आणि २०१३ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तेथे करणी-चेटकाच्या कथा निर्हेतुक करमणूक आहेत असे म्हणून सुटका होत नाही. परंतु आक्षेप नेमका कोणत्या पुस्तकांवर घ्यायचा? भूत दाखवणारी कथा वाचकाकडे विश्वास मागत नाही. पुस्तक मिटेपर्यंत तेवढे गृहीत धरा, एवढीच तिची विनंती असते. विश्वास मागतो तो तारणहार. मंत्र लागू पडला, उदीने गुण आला, महाराजांची दृष्टी पडली आणि पीडा टळली, असे जी कथा सांगते ती कथेबाहेरच्या जीवनातील एका सवयीला हात घालते. विज्ञानाचे पदवीधर असलेल्या धारपांनी समर्थांच्या शक्तीला शास्त्रीय परिभाषेची जोड देण्याचा प्रयत्न केला, पण त्याने प्रकार बदलत नाही. फार तर सवय अधिक सुशिक्षित होते. म्हणजे वाङ्मयीन आणि सामाजिक, दोन्ही अंगांनी विचार केला तरी आधी हाती घ्यावीत ती रक्षक नसलेली पुस्तके.

अशा लेखनाचा उत्तम नमुना कादंबरीत नसून एका कथेत आहे. 'आजी' ही धारपांची कथा स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून घेतलेली आहे. प्रसंग अगदी साधा : घरात एकटा मुलगा, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी, आणि आई बाहेर गेलेली. एवढ्यावर कथा उभी राहते. मूळ कथा अमेरिकेतली असली तरी मराठीत येताना तिची धार वाढते, आणि ती वाढवतो शीर्षकातला शब्द. आपल्या कुटुंबसाहित्यात आजी म्हणजे मऊ लुगडे, आजी म्हणजे गोष्टी, आजी म्हणजे रागावलेल्या आईपासून लपण्याची जागा. लपण्याची तीच जागा भयाची झाल्यावर मुलाने जायचे कोठे? शिवाय अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा, तो वास, ती हाक आणि त्या हाकेला ओ देण्याची मनातून नको वाटणारी सक्ती ही मध्यमवर्गीय मराठी घराने अनुभवलेली पण क्वचितच उच्चारलेली गोष्ट आहे. भयकथेच्या आडोशाने ती येथे बोलली जाते. या घरात समर्थ आले असते तर कथा दुसऱ्या पानावरच संपली असती.

या कथेचा पुढचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाचे बीज धारपांच्या कथेत आहे. ती कथा आपण प्रथम नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली, असे दिग्दर्शकाने सांगितले आहे. चित्रपटाच्या आरंभी आई जखमी धाकट्याला घेऊन जाते, थोरला मुलगा साखळदंडात ठेवलेल्या विकराळ म्हातारीसोबत एकटा उरतो आणि हस्तरच्या नावाचा धाक घालून तिला झोपवतो. परिस्थिती 'आजी'चीच आहे. चित्रपटाचे शीर्षक मात्र पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या प्रतिष्ठित कादंबरीची आठवण देणारे. प्रतिष्ठित साहित्याने नाव दिले आणि स्वस्त पुस्तकाने भय दिले, असा हा वाटा झाला. किंगच्या छापील कथेपासून धारपांच्या मराठीपर्यंत, तेथून जंगलातल्या तोंडी गोष्टीपर्यंत आणि तेथून हिंदी पडद्यापर्यंत एक कथा येते, आणि मराठी विभागाच्या कोणत्याही यादीत तिची नोंद नसते, हे आपल्या शिस्तीला शोभत नाही.

कादंबऱ्यांत 'लुचाई' आधी वाचावी. येथे रूपांतरकारापुढची अडचण भाषेपेक्षा मोठी आहे. स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'पासून (१८९७) चालत आलेल्या व्हॅम्पायरला शवपेटी लागते, दफनभूमी लागते, क्रूसाचे भय लागते. लिंगायतांसारखे अपवाद सोडले तर बहुसंख्य हिंदू समाज मृताचे दहन करतो. ज्याची राख नदीत सोडली तो रात्री उठून यायचा कसा? शिवाय आपली भुते वेगळ्या स्वभावाची आहेत. मुंजा आपल्या पिंपळावर असतो, समंध आपल्या धनापाशी, हडळ आपल्या विहिरीपाशी. प्रत्येकाची जागा ठरलेली, कारण ठरलेले, राहिलेली वासना ठरलेली. ती वाट टाळली की माणूस सुरक्षित. व्हॅम्पायर हा संसर्ग आहे. ज्याला तो ग्रासतो तो दुसऱ्याला ग्रासू लागतो. जागेला बांधलेल्या भुतांच्या भाषेत संसर्गाचे भय आणणे, हे 'लुचाई'चे खरे साहस आहे. ते सर्वत्र साधले आहे असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी परकेपणाचा सांधा स्पष्ट दिसतो. पण घरामागून घर गिळले जाण्याचे भय आपल्याला अपरिचित नाही. 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी पुण्यात प्लेगने घरे ओस पडत होती. धारपांच्या लेखनात प्लेगची आठवण जाणीवपूर्वक आहे असा माझा दावा नाही. मराठी वाचक हे भय चटकन कोठून ओळखतो, याचा माग घेताना तिकडे पाहावे लागेल.

'शपथ' त्यानंतर घ्यावी. अकराशे पानांहून मोठ्या मूळ कादंबरीतून धारपांनी काय ठेवले आणि काय गाळले, हे शोधणे हा एम.ए.च्या विद्यार्थ्यासाठी उत्तम लघुप्रबंधाचा विषय आहे. येथेही रक्षक नाही. आहेत ती एकमेकांना शब्द दिलेली साधी माणसे. शीर्षकाचा भार त्या शब्दावरच आहे.

उरलेल्या ढिगाऱ्यासाठी एक कामचलाऊ खूण सांगतो : शीर्षकांकडे पाहावे. 'अत्रारचा फास' किंवा 'गोग्रमचा चितार' अशा रचलेल्या नावांपेक्षा '४४० चंदनवाडी'सारख्या नावाकडे मी आधी वळेन. ते शीर्षक नसून पोस्टाचा पत्ता आहे. आणि मुंबईच्या वाचकाला चंदनवाडी म्हटले की स्मशानच आठवते. क्रमांकासह दिलेल्या पत्त्यावर भय राहायला आलेले असणे, यात धारपांची अर्धी ताकद आहे. ही खूण प्रत्येक वेळी खरी ठरेल असे नाही. त्यांची विज्ञानकथा हा निराळा विषय असून तिचे मोजमाप या निकषाने करू नये.

कालक्रमाने वाचावे म्हटले तर पुनर्मुद्रित प्रतीत पहिल्या आवृत्तीचे वर्ष मिळेलच याची खात्री नसते. तेथे रूपांतराचाच उपयोग होतो : 'लुचाई' १९७५ च्या आधीची असू शकत नाही, 'शपथ' १९८६ च्या आधीची नाही. बाकीच्यांसाठी जुन्या प्रतींवाचून मार्ग नाही. मुखपृष्ठ, किंमत, मलपृष्ठावरील जाहिराती, लायब्ररीचा शिक्का आणि पुस्तक परत केल्याच्या तारखा या सर्व गोष्टी त्या प्रतींवर आहेत, आणि त्या प्रती सध्या रद्दीच्या भावाने किलोवर जात आहेत. आपल्या विद्यापीठातल्या विभागाला त्या विकत घेण्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. एखाद्या बंद पडणाऱ्या लायब्ररीच्या मालकाशी वेळेवर बोलणे आणि कपाटाचे दोन कप्पे रिकामे करणे एवढे पुरेल. तेथे समर्थांची सगळी पुस्तकेही ठेवावीत.